कॅमेरा नऊचे आजोबा

विनय देवतळे राहतो टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये आणि दिवसभर बघतो जपानचा रस्ता. पगारही त्याचाच मिळतो. हे ऐकलं की लोक आधी हसतात, मग "म्हणजे नक्की काय करतोस?" म्हणून विचारतात आणि सगळं ऐकून झाल्यावर पुन्हा हसतात. त्याची बायको दीपा तर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलंच, तर सरळ "आयटीत आहे" म्हणून मोकळी होते.

रस्ता काही फार नावाजलेला नाही. समुद्रकाठच्या एका कोळ्यांच्या गावातून निघतो, डोंगर पोखरत सत्तर किलोमीटर आत जातो आणि एका मोठ्या शहराला मिळतो. म्हणायला एक्सप्रेसवे, पण बऱ्याच भागात जायला एक लेन, यायला एक लेन, आणि मध्ये भिंत नाही, नुसते रबरी खांब. सतरा बोगदे आणि एकेचाळीस कॅमेरे. कॅमेऱ्यातली चित्रं वाचणारं सॉफ्टवेअर विनयच्या कंपनीचं. कुठं गाडी बंद पडली, कुठं कुणी उलट्या दिशेनं शिरलं, की सॉफ्टवेअर म्हणतं, "काहीतरी गडबड आहे." ती खरी गडबड की उगाच, हे एका माणसानं बघून सांगायचं. तो माणूस विनय.

हे काम त्याच्याकडे आलं कसं, तेही ऐका. आधी दोन अमेरिकन पोरं होती. त्यांना उजवीकडून चालायची सवय. जपानात सगळे आपल्यासारखे डावीकडून. पहिल्याच आठवड्यात त्या बहाद्दरांनी सरळ जाणाऱ्या पन्नासेक गाड्या उलट्या ठरवून टाकल्या. मग मॅनेजर विनयकडे आला. मॅनेजरचं नाव जय. आईवडील ठाण्याचे, स्वतः जन्मला डॅलसमध्ये, वय एकतीस. मंडळात विनयला "काका" म्हणतो, ऑफिसात "विनय" म्हणतो. म्हणाला, "तुम्ही लोक तिकडे लेफ्टनेच ड्राइव्ह करता ना? मग हे तुम्हीच करा."

विनय नागपूरचा. नागपुरात माणूस डावीकडून, उजवीकडून, मधून, जिथून जागा मिळेल तिथून चालवतो. पण हे काही त्यानं जयला सांगितलं नाही.

काम सोपं. एक छोटी क्लिप येते, खाली दोन बटणं असतात: 'इव्हेंट' आणि 'नो इव्हेंट'. एक बटण दाबायचं, की पुढची क्लिप. हे सगळं ट्रायलवर होतं, त्यामुळं क्लिपा वीस-पंचवीस मिनिटं उशिरानं यायच्या. आणि एक नियम होता. उलटी वळलेली गाडी स्वतःहून सावरून परत आली, तरी ती 'इव्हेंट'च धरायची. अशा गाड्यांचे नंबर दर आठवड्याला जपानला जायचे. तिथले लोक घरी जाऊन चौकशी करायचे. चालवणारा म्हातारा असला तर लायसन्सही जायचं. जयनं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि विनयनं वहीत लिहूनही घेतलं होतं.

कॅमेरा नऊ बसवला होता त्या रस्त्यावरच्या एका विश्रांतीच्या जागी. छोटा पार्किंग लॉट, संडास, शीतपेयांची दोन मशीन्स, एक बाक. अर्विंगमध्ये दुपारचे अडीच वाजले की तिथं पहाटेचे साडेचार. त्या वेळेला रोज एक पांढरा छोटा ट्रक समुद्राकडून यायचा. मागं थर्माकोलचे खोके असायचे, मासळीचे. त्यातून एक आजोबा उतरायचे. काटक, टोपी घातलेले, पाठीत किंचित वाकलेले. सॉफ्टवेअरला आजोबांचं थांबणं पटत नसे, कारण ते रेघांच्या आत गाडी लावत नसत, बाकाला चिकटून लावत. त्यामुळं रोज क्लिप यायची आणि विनय रोज 'नो इव्हेंट' दाबायचा. ते बरोबरच होतं. आजोबा थर्मासमधून काहीतरी प्यायचे. मग फडकं काढून दोन्ही हेडलाइट पुसायचे, बॉनेटवर दोनदा थाप मारायचे आणि निघायचे शहराकडे.

ती थाप पहिल्यांदा बघितली, तेव्हा विनयनं क्लिप मागं नेऊन तीनदा बघितली.

त्याचे बाबा असंच करायचे. वीज मंडळातून रिटायर झालेले, नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहणारे. रोज सकाळी स्कूटर पुसायची, सीटवर दोन थापा मारायच्या आणि गोकुळपेठेत जायचं. भाजी घ्यायची, टपरीवर तर्री-पोहे खायचे, चार टाळकी जमवून जगाला शिव्या घालायच्या आणि घरी यायचं. आई गेल्यावर तर हाच त्यांचा देवधर्म. मग एक दिवस ते गोकुळपेठेतून घरी यायचं विसरले. पार गावाबाहेर, वाडीच्या नाक्यावर सापडले, स्कूटर धरून उभे. एका पानवाल्यानं त्यांच्याच फोनवरून त्यांच्या मुलीला, प्रीताला बोलावलं.

प्रीता म्हणजे विनयची धाकटी बहीण, बाबांजवळ राहणारी. तिनं दादाला फोन केला. आता अर्विंगमध्ये बसलेल्या दादाला काय कळणार? पण उंटावरून शेळ्या हाकायला आपल्याला फार आवडतं. विनय तिथून कडाडला, "किल्ली काढून घे! आजच्या आज! त्यांना सापडेल अशी ठेवू नको." प्रीता म्हणाली, "अरे, त्यांच्याशी बोल तरी एकदा." तो म्हणाला, "बोलून काय होणारे? ते ऐकणारेत का?" मग प्रीतानं किल्ली तांदळाच्या डब्यात खुपसली. विनयनं शिवाय घरात एक कॅमेरा बसवून घेतला, बैठकीच्या खोलीत. फोनवर दिसायचं सगळं.

आणि दिसायचं काय? रोज सकाळी बाबा किल्ली शोधताहेत. फ्रीजवर, सोफ्याच्या गाद्यांखाली, देवघराच्या खणात, टीव्हीच्या मागं. तासभर शोधायचे, मग खुर्चीत बसायचे. अर्विंगमध्ये रात्रीचं जेवण चालू असताना विनय ताटाशेजारी फोन ठेवून हे बघायचा. दीपा म्हणायची, "अहो, बंद करा ना ते, घास उतरत नाही माझ्या घशाखाली." तो बंद करायचा नाही. बाबांचं जेवण कमी झालं, मग बोलणं कमी झालं. जुलैत किल्ली घेतली, मार्चमध्ये झोपेतच गेले. विनय पोचला तिसऱ्या दिवशी. डॉक्टर म्हणाले वय झालं होतं. विनयनं मनाशी ठरवून टाकलं की आपणच मारलं त्यांना. ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, दीपालाही नाही.

तर हा असा माणूस कॅमेरा नऊसमोर बसलेला.

डिसेंबरात एके दिवशी आजोबा निघाले आणि पार्किंगच्या तोंडाशी थांबले. डावीकडे गेलं की शहराकडं जाणारी लेन. उजवीकडे तो तुकडा, जिथून गाड्या आत येतात. तिकडं जायचं म्हणजे येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर जायचं. आजोबा थांबले, थांबले आणि उजवीकडे वळले. विनय खुर्चीतून उठलाच. दहा पावलं जाऊन ट्रक थांबला. मागचे दिवे लागले. हळूहळू रिव्हर्स घेत आजोबा परत आले आणि नीट डावीकडून निघून गेले.

खाली दोन बटणं. नियम माहीत होता, वहीत होता. 'इव्हेंट' दाबलं की नंबर जपानला जाणार. कुणीतरी त्या घरी जाणार. घरात कुणी मुलगा असेल, सून असेल, त्यांना सांगणार. आणि मग ती किल्लीही कुठल्यातरी डब्यात जाणार. विनयला तो माणूस एका खोलीत किल्ली शोधताना दिसायला लागला. त्यानं 'नो इव्हेंट' दाबलं.

"स्वतःहून सावरलेत ना, मग झालं," तो स्वतःशीच मोठ्यानं म्हणाला. शेजारच्या क्यूबिकलमधल्या बाईनं वळून बघितलं.

अरे, पण एकदा दया दाखवली की दुसऱ्यांदा दाखवावीच लागते, नाहीतर पहिली कशी पचणार? जानेवारीत दोनदा तसंच झालं. फेब्रुवारीत एकदा, मार्चमध्ये तीनदा. प्रत्येक वेळी आजोबा पहिल्यापेक्षा जरा जास्त पुढं जायचे आणि जरा उशिरा परत यायचे. विनयला हे दिसत नव्हतं असं नाही. डोळ्यांत तेल घालून बघत होता तो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, पुढच्या वेळी दाबू. सात वेळा 'नो इव्हेंट'.

एकदा त्यानं जयला आडून विचारलं, "समजा, रिपोर्ट न करता एखाद्या ड्रायव्हरला नुसतं सांगायचं असेल, की बाबा रे, जपून चालव, तर?"

"सांगायचं? कोणाला? आपण व्हेंडर आहोत, काका." ऑफिसात तो चुकून काका म्हणून गेला. "आपल्याकडे फक्त दोन बटनं आहेत."

एप्रिलमध्ये ट्रायल संपली. तोपर्यंत माणसांनी दाबलेल्या सगळ्या बटणांवरून सॉफ्टवेअरला नव्यानं शिकवलं आणि ते खरोखरीचं चालू झालं. आता त्याला ज्याची खात्री असेल, तो इशारा थेट जपानच्या कंट्रोल रूमला जाणार. रस्त्यावरच्या पाट्या लगेच पेटणार, येणाऱ्या गाड्यांना थांबवणार. ज्याची खात्री नसेल ते मात्र विनयकडे येणार, पूर्वीसारखंच, वीस-पंचवीस मिनिटांनी. खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं म्हणून जयनं टीमला पिझ्झा मागवला. विनयनंही दोन तुकडे खाल्ले. आपण दाबलेल्या त्या सात बटणांचं काय झालं असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

मेमधल्या एका मंगळवारी दुपारी क्लिप आली. कॅमेरा नऊ. तिथं फटफटलेलं होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. आजोबांनी हेडलाइट पुसले. थाप एकदाच मारली. ट्रक तोंडाशी आला, आणि या वेळी थांबलाच नाही. सरळ उजवीकडे वळला. दहा पावलं, वीस पावलं, तीस पावलं.

"परत या," विनय म्हणाला. "आजोबा, परत या. अहो, रिव्हर्स! रिव्हर्स घ्या ना!"

मागचे दिवे लागले नाहीत. ट्रक चौकटीबाहेर गेला आणि पडद्यावर रिकामा बाक उरला. खाली सॉफ्टवेअरनं आपलं मत लिहिलं होतं: गडबड असण्याची शक्यता नऊ टक्के. नऊ! आणि त्याखाली वेळ होती, जपानची. विनयनं घड्याळ बघितलं. बावीस मिनिटं होऊन गेली होती.

त्यानं 'इव्हेंट' दाबलं. एकदा दाबलेलं पुरतं, पण त्यानं पाच-सहा वेळा दाबलं. मग कॅमेरा आठ उघडला. तिथं रस्ता रिकामा. कॅमेरा सात उघडला. बोगद्याच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागली होती, पुढं दिवे लुकलुकत होते, पण नेमकं काय झालंय ते बोगद्याच्या आत. बाहेर रस्त्यावर एक थर्माकोलचा खोका पडला होता. झाकण निघालेलं, बर्फ सांडलेला.

विनय जयच्या केबिनमध्ये धावत गेला. काय सांगितलं, कसं सांगितलं, त्याला आठवत नाही. जयनं ताबडतोब जपानला फोन लावला, एवढं मात्र खरं. दोन मिनिटं बोलला आणि ठेवला.

"त्यांना माहितीये. इट्स बीइंग हॅंडल्ड."

"आजोबांचं काय?"

"कोण आजोबा?"

"ट्रकमधले! जिवंत आहेत का?"

"ते सांगत नाहीत, विनय. प्रायव्हसी. आपल्याला सांगायचा काही रीझनच नाही त्यांना."

"पुन्हा लाव. विचार तरी."

जयनं पुन्हा लावला. तेच उत्तर. मग त्यानं दार लोटलं आणि हळूच विचारलं, "सिस्टिमने का नाही पकडलं? इतकं क्लिअर केस होतं."

तेव्हा विनयनं सगळं सांगितलं. सातही वेळा, तारखांसकट. तारखा त्याला पाठ होत्या. जयनं लॅपटॉपवर काहीतरी काढलं आणि बराच वेळ बघत बसला. त्या जागेवरच्या अशा वळणांचे नमुनेच मुळात अकरा होते. त्यातले सात विनयनं 'नो इव्हेंट' केलेले. सॉफ्टवेअरला काय, जे शिकवाल ते शिकणार! पांढरा ट्रक या कोपऱ्यात उजवीकडे वळला तर काही बिघडत नाही, असं त्याला विनयनंच शिकवलं होतं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, म्हणतात ना, तशी याची माया. द्यायची होती नागपूरला, दिली जपानला, आणि तिथंही जिवावर उठली.

जय ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाला, "काका, घरी जा. मी बघतो."

विनय घरी आला. जपानच्या बातम्या भाषांतर करून करून वाचल्या. रस्ता तीन तास बंद होता, एवढीच एक ओळ सापडली. आजोबांचं नाव त्याला माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं. एखाद्या दवाखान्यात फोन करायचा तर कुठल्या, आणि कुठल्या भाषेत? त्याची बारा वर्षांची मुलगी रुही दारात येऊन उभी राहिली. "बाबा, आर यू क्रायिंग?" म्हणाली. तो म्हणाला, नाही. ती गेली आणि दीपाला घेऊन आली.

साडेआठला, म्हणजे नागपूरला सकाळचे सात वाजताना, त्यानं प्रीताला फोन लावला.

"काय रे दादा, सकाळी सकाळी? बरा आहेस ना?"

"बाबांच्या स्कूटरची किल्ली कुठंय गं?"

"बाप्पा! आता काय करतो किल्लीचं? डब्यातच आहे. स्कूटर विकली तेव्हा त्या माणसाला दुसरी दिली होती ना."

मग विनयनं तिला सगळं सांगितलं. रस्ता, आजोबा, बटणं, सात वेळा. आणि ते दुसरंही सांगितलं, दोन वर्षं कुणालाच न सांगितलेलं. "किल्ली काढून घेतली तर बाबा गेले. म्हटलं, या माणसाची तरी राहू द्यावी. तर तोही गेला असणार. मी काय करायला पाहिजे होतं, प्रीता? तूच सांग. मला कळत नाहीये."

तिकडं कुकरची शिट्टी झाली, प्रीतानं गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"दादा, एक गोष्ट आहे. तुला सांगायची नव्हती. बाबांनी शपथ घातली होती."

"काय?"

"किल्ली बाबांना सापडली होती. दिवाळीच्या आधीच. मी स्वयंपाकघरात आली, तर डबा उघडा अन् ते किल्ली हातात घेऊन उभे. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतात. त्यांनी शर्टानं पुसली ती, अन् परत तांदळात खुपसली. म्हणाले, विन्याला सांगू नको सापडली म्हणून. त्याला तिथं झोप नाही लागणार."

"पण ते तर रोज शोधायचे! मार्चपर्यंत! मी बघत होतो ना कॅमेऱ्यात!"

"हव. तू पाहतो म्हणूनच शोधायचे. मी म्हटलं, बाबा, कशाला ही मेहनत? तर म्हणाले, शोधलं नाही तर त्याला शंका येईल. बाकी सगळं विसरून राहिले होते दादा, माझं नावही कधी कधी. हे नाही विसरले. सकाळ झाली की कॅमेऱ्याकडे एकदा पाहायचे अन् सुरू करायचे."

विनयनं फोन कानापासून खाली घेतला. प्रीता दोनदा "दादा? दादा?" म्हणाली.

"मी तेव्हाच म्हटलं होतं तुला," ती शेवटी रडत म्हणाली. "बोल तरी एकदा त्यांच्याशी."

दुसऱ्या दिवशी त्यानं सुट्टी घ्यावी असं दीपानं परोपरीनं सांगितलं. तो गेला. अडीच वाजले. कॅमेरा नऊवरून काही आलं नाही. पावणेतीन, तीन. बाकाशेजारी जागा मोकळी होती, त्यामुळं सॉफ्टवेअरची काही तक्रार नव्हती.

सव्वातीनला क्लिप आली. निळी छोटी गाडी, आत एक आजीबाई, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसलेल्या. तोंडाशी येऊन थांबल्या. उजवीकडे वळल्या. पाच पावलांवर थबकल्या, रिव्हर्स घेतला आणि नीट डावीकडून निघून गेल्या.

खाली तीच दोन बटणं. आजीबाईंना विचारायची सोय त्या पडद्यावर नव्हती.

विनयनं 'इव्हेंट' दाबलं. मग उठून रेस्टरूममध्ये गेला, आतून कडी लावली आणि शर्टाची बाही तोंडात धरून रडला.